भरलेल्या गाडीचा ब्रेक

पिकअपचा मागचा ब्रेक कमजोर झालाय हे मालकाला सहसा कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागचा भाग हलका होतो. हौदा रिकामा असेल तर मागच्या चाकांवर फारसं वजनच उरत नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्क उरकून टाकतात. मागचे लायनर संपत आलेले असोत, एका बाजूचा व्हील सिलिंडर जाम असो, ड्रममध्ये ऑइल उतरलेलं असो, गावातल्या गावात फिरताना यातलं काहीच जाणवत नाही. गॅरेजच्या दारात येताना ड्रायव्हर करकचून ब्रेक मारून दाखवतात आणि म्हणतात, "बघा मिस्त्री, जागच्या जागी थांबती." थांबते हे खरं आहे. पण तेव्हा ती रिकामी असते.

जुन्या पिकअपची कामं करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. मालवाहू गाडीचा ब्रेक रिकाम्या गाडीवरून जोखू नये. ज्या वजनाला आणि ज्या उताराला तो लागणार आहे, त्याच हिशेबाने तो उघडावा, तपासावा आणि जोडावा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण पासिंगला गाडी रिकामी जाते, गॅरेजमध्ये रिकामी येते, ट्रायलही रिकामीच होते, आणि मग रात्री दीड टन माल भरून ती घाटात शिरते.

माझं गॅरेज आळेफाट्याजवळ आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, आजूबाजूच्या गावांतली कोथिंबीर आणि मेथी संध्याकाळी पिकअपमध्ये भरली जाते आणि रात्रीतून मालशेज घाट उतरून कल्याणला, वाशीला पोचते. यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आलेल्या, पंधरा-पंधरा वर्षं चाललेल्या असतात. इंजिनाकडे मालकाचं लक्ष असतं, कारण इंजिन बिघडलं की धंदा बंद. टायरकडे असतं, कारण टायर डोळ्यांना दिसतो. मागचा ड्रम दिसतही नाही आणि गाडी उभीही पाडत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

घाटातला हिशेब मी नव्या ड्रायव्हरला नेहमी सांगतो. मालासकट २७०० किलोची गाडी घाटमाथ्यावरून पायथ्याला येईपर्यंत साधारण ५५० मीटर खाली उतरते. एवढं वजन एवढं खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णतेत गेली तर तिच्यावर ४५ लिटर पाणी उकळीला येईल. तिचा काही वाटा इंजिन घेतं, काही वारा आणि टायर घेतात, आणि उरलेली उष्णता चार चाकांतल्या काही किलो बिडात मुरते. डिस्क उघडी असल्यामुळे वाऱ्याने लवकर निवते. ड्रमची उष्णता आत कोंडून राहते. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पॅडल नेहमीपेक्षा खोल जायला लागतं. लायनर फार तापलं की त्याची पकड उतरते. उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचून आतलं ब्रेक ऑइल उकळलं, तर लाइनमध्ये वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते; पॅडल मऊ पडून थेट खाली बसतं.

आता यात मागचे दोन ब्रेक नीट काम करत नसतील तर त्यांचाही वाटा पुढच्या डिस्कवर जातो. म्हणून कोणी "पुढचे पॅड लवकर संपतात, चांगल्या कंपनीचे टाका" म्हणत आलं की मी आधी मागची चाकं उचलतो. पॅडची चौकशी नंतर. बहुतेक वेळा पुढचे पॅड मागच्याची मजुरी करून संपलेले असतात.

ड्रम उघडण्याआधी गाडी सपाट जागेवर घ्यायची, पुढच्या चाकांना अडकण लावायची, हँडब्रेक सोडायचा, जॅकने उचलून एक्सलखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्यायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हे मी गॅरेजमधल्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो आणि रोज पुन्हा सांगतो.

जुना ड्रम सहजासहजी निघत नाही. लायनर घासून घासून ड्रमच्या आत एक खोलगट पट्टा पडलेला असतो आणि बाहेरच्या कडेला न झिजलेली किनार उरते. शू त्या किनारीला आतून अडकतात. त्यात पावसाळ्यातला गंज. अशा वेळी घाई झालेला माणूस मोठा हातोडा घेतो आणि ड्रमच्या कडेवर घाव घालतो. बीड वाकत नाही, तडकतं. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतात, ती याच कामासाठी असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळत नेले की ड्रम सरळ बाहेर येतो. तरी आला नाही, तर मागच्या पत्र्याच्या झरोक्यातलं रबरी बूच काढून ॲडजस्टरची दातेरी चकती सैल करायची. शू आत मिटतात आणि ड्रम सुटतो. पाच-दहा मिनिटं जास्त जातात, पण ड्रम, बेअरिंग आणि पत्रा तिन्ही शाबूत राहतात.

ड्रम निघाला की आत काळसर भुकटी साचलेली दिसते. ती कंप्रेसरच्या हवेने उडवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून राग आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही, आणि भुकटीकडे पाहून ती कशाची आहे ते ओळखता येत नाही. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि रोग कित्येक वर्षांनी वर येतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला, तो याचसाठी. गॅरेजमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची नोंद कोण ठेवणार? माझ्याकडे ड्रम उघडला की आधी पाणी शिंपडून भुकटी भिजवतात, ओल्या फडक्याने पुसतात आणि फडकं पिशवीत बांधून टाकतात. तोंडाला मास्क असतोच. शेजारच्या एका गॅरेजवाल्याने ही पद्धत आता उचलली आहे, त्याचं मला समाधान आहे.

भुकटी पुसल्यानंतर लगेच पाने हातात घ्यायचे नाहीत. आधी नुसतं बघायचं. उघडा ड्रम गेल्या दोन-तीन वर्षांत गाडीवर काय काय झालं ते सगळं सांगतो, पण स्प्रिंगा काढून भाग फरशीवर पसरले की ते सांगणं संपतं. दोन शूंपैकी पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर आत ओढला जातो आणि अधिक जोराने टेकतो, म्हणून तो मागच्यापेक्षा जास्त झिजलेला असणं ठीक आहे. दोन्ही सारखेच कोरे दिसले, तर या चाकाला प्रेशरच पोचत नाही. सिलिंडरचे पिस्टन गंजून बसले असतील. डावीकडचा शू निम्मा आणि उजवीकडचा नवा दिसला, तर गाडी इतके दिवस एकाच मागच्या चाकावर थांबत होती. लायनर काचेसारखं चकचकीत झालं असेल तर ते तापून करपलं आहे. ड्रमच्या आत निळसर डाग असतील तर तिथलं बीड कडक झालंय. तिथे लायनर एकसारखं टेकत नाही आणि पॅडल पायाखाली थरथरतं. खोल चरे असतील तर लायनर संपून रिबिटांची डोकी ड्रमला लागली आहेत. ड्रम बोटावर टांगून हातोडीने हलकेच वाजवायचा. अखंड ड्रम खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. कान तयार व्हायला वेळ लागतो, पण एकदा तयार झाला की फसत नाही.

सिलिंडरची रबरी टोपी बोटाने थोडी मागे सारून बघायची. आत नुसता ओलसरपणा असेल तर चालतं. ऑइलचा थेंब पडला तर सिलिंडर गळतोय. इथे एक गोष्ट अगदी काटेकोर पाळावी लागते. ब्रेकचे रबरी भाग डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुवायचे नाहीत, त्यांना ग्रीस लावायचं नाही. ते रबर खनिज तेलाने फुगतं आणि सिलिंडरमध्ये अडकतं. धुवायचं तर ताज्या ब्रेक ऑइलने. आणि सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून नवं किट टाकण्यात अर्थ नाही. अख्खा सिलिंडर बदलावा, आणि दोन्ही बाजूंचा बदलावा. कारण डावा ज्या पाण्यातून, ज्या चिखलातून आणि ज्या वर्षांतून गेला, त्यातूनच उजवाही गेलेला असतो.

दुसरी गळती असते एक्सलमधल्या क्राउनच्या ऑइलची. ते घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंगावर सांडलं तर रंग सोलवटतं. दोन्हींत गफलत करू नये, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. क्राउनचं ऑइल एक्सलच्या ऑइल सीलमधून ड्रममध्ये येतं. माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांचं सील वर्षात दोनदा बदललेलं असतं आणि तरी ड्रम ओला. मालक म्हणतो, सील नकली मिळतंय. मी आधी एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर बघतो. हे बोटाच्या पेराएवढं टोपण असतं. गाडी चालली की एक्सलमधलं ऑइल आणि हवा तापतात, हवा फुगते, आणि तिने या टोपणातून बाहेर पडायचं असतं. शेताच्या चिखलातून, ओढ्याच्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर मातीने बुजतो. मग आतला दाब सील ढकलून ऑइल ड्रममध्ये सोडतो. सील कितीही चांगलं टाका, ब्रीदर बुजलेला असेल तर पुन्हा गळणार. तो काढून धुवायला काही पैसे लागत नाहीत. त्याबरोबर एक्सलच्या दांड्यावर सीलच्या ओठाने चर पाडली आहे का ते नखाने चाचपून पाहावं. चर असेल तर नवं सील त्या जागी टेकणार नाही.

ऑइल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन, कधी तर पेटवून ऑइल जाळून पुन्हा बसवतात. वरून ते कोरडं दिसतं. घाटात तापलं की आतलं ऑइल पुन्हा पृष्ठभागावर येतं, आणि मग ते चाक एक तर घसरतं नाही तर एकदम धरून लॉक होतं. असं लायनर मी परत बसवत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी नाही.

या सगळ्यापेक्षा अधिक काळजीची गोष्ट ड्रमच्या बाहेर असते, आणि तिच्याकडे बहुतेक कोणी बघत नाही. बऱ्याच पिकअपच्या चॅसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या एक्सलपर्यंत आलेली असते. गाडी रिकामी असताना चॅसी आणि एक्सल यांत अंतर जास्त असतं; तेव्हा हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी ठेवतो, म्हणजे हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरू नये. माल भरला की पाटे दबतात, चॅसी खाली येते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी किती भरली आहे हे त्याला फक्त या दबण्यावरून कळतं.

आमच्या भागात जुनी पिकअप घेतली की पहिलं काम काय, तर पाट्यांत एक-दोन जास्तीचे पाटे टाकणं. माल जास्त बसावा, गाडी खाली बसू नये म्हणून. मग दोन टन माल भरला तरी गाडी ताठ उभी राहते, मालक खूश होतो, आणि व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. म्हणजे भार सगळ्यात जास्त असतो नेमक्या त्या वेळी मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचं प्रेशर मिळतं. काही गाड्यांत ती दांडी तुटून तारेने बांधलेली असते. तिथे व्हॉल्व्ह ज्या जागी अडकला त्याच जागी कायमचा. मी मागचा ब्रेक हातात घेतला की या दांडीचं माप घेतो, तिचे बुश बघतो, आणि जास्तीचे पाटे असतील तर मालकाशी स्पष्ट बोलतो. ते बोलणं सोपं नसतं. "पाटे काढले तर धंदा कसा करू?" असं विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो, भाड्याचं गणितच तसं झालेलं आहे. तरी माझं सांगणं बदलत नाही. ज्या वजनाला गाडी पास आहे तेवढं भरून कंपनीच्या पाट्यांवर चालवायची, नाही तर त्या गाडीने घाटातलं भाडं घ्यायचं नाही. काही जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्या गाडीचा ब्रेक मी जोडून देतो, पण पाट्यांची गोष्ट बिलावर लिहून देतो आणि घरातल्या कर्त्या माणसालाही सांगतो.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम मी एका वेळी एकाच बाजूचं करतो. दुसरी बाजू जोडलेली राहू देतो, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात आणि पुढून की मागून, हे शंका आली की बघता येतं. पोरं आता मोबाइलवर फोटो काढतात, तेही चांगलंच. ॲडजस्टर डावा-उजवा वेगळा असतो, त्याचे आटे उलटे असतात. तो चुकीच्या बाजूला गेला तर शू घासत जातील तसा पुढे सरकायच्या ऐवजी मागे फिरतो आणि पॅडल दिवसेंदिवस खाली जातं. म्हणून दोन्ही बाजूंचे भाग कधीच एका ताटात ठेवत नाही. पत्र्यावर शू जिथे घासत सरकतो तिथे ठिपक्यांसारखे उंचवटे असतात. तिथे चर पडली असेल तर शू अडकून राहतो. ती जागा कानशीने सपाट करून उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं. स्प्रिंगा तापून ढिल्या झालेल्या असतात, तरी जुन्याच परत लावायची सवय आहे. शूच्या किमतीपुढे स्प्रिंगांचा सेट काहीच नाही, आणि ढिली स्प्रिंग शूला मागे ओढत नाही. तो ड्रमला घासत राहतो आणि घाट लागायच्या आधीच ड्रम तापलेला असतो.

लायनर रिबिट मारून बसवायची पद्धत आमच्याकडे अजून चालते. चांगल्या कारागिराच्या हातचं काम असेल तर मला ते आवडतं. तो मधल्या रिबिटापासून सुरुवात करून कडेला येतो, म्हणजे लायनर शूला पूर्ण चिकटतं, मध्ये फट राहत नाही. रिबिटाच्या डोक्यावर लायनरची जाडी मिलिमीटरभर उरली की ते संपलं समजायचं. ड्रमला चरे असतील तर लेथवर टर्निंग करून घेतो, पण त्यालाही हद्द आहे. ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. त्याच्या पुढे गेलेला ड्रम पातळ असतो. तो लवकर तापतो आणि जास्त फुगतो. तो भंगारातच जायला हवा. भंगारवाल्याकडून असे ड्रम पुन्हा कोणाच्या तरी गाडीत जाऊ नयेत म्हणून मी त्यांना तोडूनच देतो.

माझे वस्ताद नवीन शू बसवताना खडू वापरत. लायनरवर खडू घासायचा, ड्रम घालून हाताने फिरवायचा, काढून बघायचं. खडू जिथे पुसला गेला तिथेच लायनर टेकतंय. टर्निंग केलेल्या मोठ्या ड्रमात नवा शू बहुधा मधेच टेकतो, टोकं हवेत राहतात. वस्ताद मग लायनर ग्राइंडिंगला लावून गोलाई जुळवत आणि पुन्हा खडू. नुसतं बसवून "चालून चालून बसेल" असं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. "बसेपर्यंत घाट कोण उतरणार?" असं ते विचारत. मी आजही खडू वापरतो.

मग ॲडजस्टमेंट. यातला क्रम अनेकांकडून उलटा होतो. मागचा ब्रेक आणि हँडब्रेक एकाच शूवर चालतात. हँडब्रेक वर येतो म्हणून आधी केबल ताणली की आतली पट्टी शू थोडे उघडे धरून ठेवते, आणि मग स्वतःहून घट्ट होणारा ॲडजस्टर कामच करत नाही. बाहेरून हँडब्रेक तीन-चार टिकटिकांत लागतो, मालकाला बरं वाटतं. आत शू ड्रमपासून लांबच. बरोबर क्रम असा: केबल सैल सोडायची, चकतीने शू ड्रमला लागेपर्यंत उघडायचे, पॅडल दोन-तीनदा जोरात दाबून शू मध्यावर आणायचे, पुन्हा चकती फिरवायची, चाक अडलं की हलका घासल्याचा आवाज राहील इतपत मागे घ्यायची. दोन्ही बाजूंचं असं झालं की मग केबलला हात लावायचा.

एअर काढण्याबद्दल फार लिहायला नको, ते सगळ्यांना येतं. फक्त ऑइल ताज्या, सीलबंद डब्यातलं असावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलावं, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी. चॅसीवरून एक्सलवर येणारा रबरी होजही वयाचा हिशेब धरून बदलावा. तो आतून सुजला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. पॅडलचा जोर ऑइल पुढे ढकलतो, परत येताना वाट चोंदलेली असते. असा होज बाहेरून ठीक दिसतो आणि ड्रम मात्र दोन्ही बाजूंनी करपत राहतात.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव चढले तेव्हा आमच्या भागातल्या पिकअप रात्रंदिवस चालत होत्या. एक दिवस गाडी उभी करायला कोणी तयार नव्हतं, आणि एका फेरीचं भाडं बघितलं तर ते समजण्यासारखं होतं. पाऊस, घाटात धुकं, क्रेटनी गच्च भरलेला हौदा. त्या महिन्यात मी रात्री गॅरेज उघडं ठेवायला लागलो. वाशीहून परतलेली गाडी पहाटे यायची, दुपारी पुन्हा भरायला जायची, त्या मधल्या वेळेत एका बाजूचा तरी ड्रम उघडून बघायचा, दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. हे काम कोणाला उपकार म्हणून केलं नाही. ज्या गाड्या मी वर्षभर हाताळतो, त्या कशा अवस्थेत घाटात जाताहेत ते माहीत असताना झोप लागत नव्हती.

ब्रेक कितीही चांगला जोडला तरी तो वापरणाऱ्याने जपावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुनं सांगणं आजही खरं आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे अजून आहेत. गिअरमध्ये पाय सोडून उतरताना डिझेल पंप इंधन जवळजवळ बंदच करतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये वाचण्यासारखं काही नसतं. उलट इंजिनाचा ब्रेक गेला की सगळी उष्णता चार चाकांत. इंजिन बंद करून उतरणाऱ्याचं तर व्हॅक्यूमही तुटतं, बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो आणि पॅडल दगडासारखं कडक लागतं. ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवण्यापेक्षा वेग चढला की नीट दाबून उतरवावा आणि सोडून द्यावा. मधल्या वेळात ड्रमला निवायला जागा मिळते.

नवे शू बसवल्यावर पहिल्याच रात्री घाट नको, असं मी बजावतो. दोन-तीन दिवस जवळच्या फेऱ्या, हलके ब्रेक, लायनर ड्रमला घोटून बसू द्यायचं. चारपाचशे किलोमीटर झाले की चकती पुन्हा तपासायची. आणि मग माझी खरी ट्रायल, भरलेल्या गाडीची. पूर्वी वस्ताद हाताच्या पालथ्या बाजूने ड्रमची धग जोखत. माझ्याकडे आता लांबूनच तापमान दाखवणारं इन्फ्रारेड यंत्र आहे. ड्रायव्हर ते बरोबर नेतो. खुबी फाट्याजवळ, घाट लागायच्या आधी, गाडी बाजूला घेऊन चारही चाकांचे आकडे घ्यायचे; मग घाट उतरून मोरोशीला पुन्हा घ्यायचे, आणि फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. मागचे दोन्ही ड्रम साधारण सारखे तापलेले असले की मी निश्चिंत. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर तिथे शू घासतोय किंवा केबल अडकते आहे. एक गार असेल तर ते चाक काम करत नाही. दोन्ही गार आणि पुढच्या डिस्क भाजणाऱ्या असतील तर आधी व्हॉल्व्हची दांडी बघायची. असा आकडा आला तर वाशीहून परतताना गाडी घरी किंवा शेतावर न नेता आधी गॅरेजला आणायची, आणि मी बघेपर्यंत नवा माल भरायचा नाही, एवढं मी यंत्र हातात देण्याआधीच ड्रायव्हरकडून आणि मालकाकडून कबूल करून घेतो.